भाईजानची गाडी

सकीनाआपांनी पहिल्याच भेटीत मला पाय धुवायला लावले होते. मुकुंदवाडी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी नुकतंच गॅरेज टाकलं होतं, शटरचा रंगही अजून वाळला नव्हता. एका रविवारी सकाळी एक हिरवी, बुटकी, बिनछपराची, दोन सीटची गाडी दारात येऊन थांबली. तिच्यातून पन्नाशी गाठलेल्या, पांढऱ्या सुती साडीतल्या एक बाई उतरल्या. अनवाणी. उतरल्यावर त्यांनी सीटमागच्या पिशवीतून चपला काढल्या, पायात घातल्या आणि म्हणाल्या, "ब्रेक डावीकडं ओढतोय. बघ जरा." गाडी आत घ्यावी म्हणून मी दार उघडून एक पाय आत टाकला, तेवढ्यात मागून आवाज आला, "थांब. पाय धू आधी."

आता मी म्हणजे आयटीआय झालेला, एका कारखान्यात चार वर्षं काढून स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडलेला माणूस. माझ्याच गॅरेजात मला कुणी पाय धुवायला सांगतंय म्हटल्यावर डोकं फिरलं. "बाई, हे गॅरेज आहे, देऊळ नाही," मी म्हणालो. "देऊळ असतं तर तुला सांगावं लागलं नसतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नळ कुठाय?" मी पाय धुतले. वर त्यांनी माझ्या पायाच्या अंगठ्यांकडे वाकून बघितलं, आणि मग बसू दिलं.

ब्रेक नीट करून दिला तेव्हा सहज बोलून गेलो, "तुमची गाडी झकास आहे, आपा." शहरात सगळेच त्यांना आपा म्हणत, हे मला तोवर कळलं होतं. त्यांनी चपला काढून पिशवीत टाकल्या, सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझी नाय. भाईजानची आहे. मी नुसती चालती ठेवते."

हे वाक्य मी पुढे शेकडो वेळा ऐकलं. पेट्रोल पंपावरचा माणूस असो की चौकातला हवालदार, कुणी "तुमची गाडी" म्हटलं की आपा थांबून दुरुस्ती करणार. दुसऱ्याची ठेव आपल्याकडे असते ना, त्याला त्या अमानत म्हणत. अमानतीत चपला घालून जायचं नाही, अमानत स्वतःच्या कामाला वापरायची नाही. म्हणून दिल्ली दरवाजाजवळच्या आपल्या प्रसूतिगृहात त्या आठवडाभर सायकलरिक्षाने जायच्या आणि ही गाडी फक्त रविवारी सकाळी बाहेर काढायच्या, तासभर फिरवायच्या, पुसून ठेवायच्या. उभी राहिली की गाडी आजारी पडते, असं त्यांचं मत होतं. ते बरोबरच आहे, मीही गिऱ्हाइकांना तेच सांगतो.

आपा बायकांच्या डॉक्टर. फुलंब्री, सिल्लोडकडच्या खेड्यांतून बाया त्यांच्याकडे यायच्या. माझ्या मुलीचा जन्म त्यांच्याच हातचा. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि आतून आपांचा आवाज येत होता, "दम धर माय, दम धर. आता सोड. हळू. लई घाई करू नको, कुणाची गाडी चुकत नाय." मला त्या परिस्थितीतही हसू आलं, कारण रविवारी गाडीचा क्लच सोडताना आपा स्वतःशी अगदी हेच पुटपुटायच्या. दम धर, मग सोड. बाळंतपण असो की क्लच, त्यांचं शास्त्र एकच होतं. "कान नुसता गलका ऐकतो, भानू," त्या मला म्हणायच्या, "खरं काय ते पायाला कळतं." त्या अनवाणी गाडी चालवत त्याचं हेही एक कारण होतं.

भाईजान कोण, हे कळायला मला दोन वर्षं लागली. आपा म्हणजे बोलक्या, पण त्या एका दारावर त्यांनी पडदा टाकलेला असायचा. एकदा कार्ब्युरेटर साफ करत होतो, त्या स्टुलावर बसून चहा पीत होत्या, आणि आपणहून सांगायला लागल्या.

भाईजान त्यांचे थोरले भाऊ, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. निजामाच्या राज्यात रस्ते बांधणारे इंजिनिअर. ही गाडी त्यांनी एका परत जाणाऱ्या इंग्रज साहेबाकडून घेतली होती. पोलिस ॲक्शन झाली आणि वर्षभरात त्यांच्या सासरचं सगळं गोत कराचीला निघालं, त्यांच्याबरोबर तेही गेले. आपा तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होत्या, अम्मी अंथरुणाला खिळलेल्या. आपा राहिल्या. "सहा महिन्यांत येतो म्हणाले होते," आपांनी सांगितलं. मी हिशेब केला नाही, पण माझा पाना हातातच राहिला.

जाण्याआधीच्या थंडीत भाईजाननी त्यांना गाडी शिकवली होती. बीबीच्या मकबऱ्यामागून लेण्यांकडे जाणारा चढ आहे ना, तिथं. शिकवायची त्यांची रीत मोठी वेगळी होती. चढावर गाडी उभी करायची. स्वतः उतरायचं, डोक्यावरची लाल रूमी टोपी काढायची आणि मागच्या चाकाला जेमतेम वीतभर अंतर सोडून जमिनीवर ठेवायची. मग म्हणायचं, निघ. हातब्रेकला हात लावायचा नाही. गाडी मागे घसरली की टोपी गेली. "टोपी बच गई तो गाडी तेरी," असा शब्द त्यांनी दिला होता.

"मग?" मी विचारलं.

"दोन टोप्या गेल्या," आपा म्हणाल्या. "तिसरी घालून ते गेले."

त्या हसल्या आणि कप खाली ठेवला. मी म्हणालो, "पण आता तुम्ही डोळे मिटून निघाल चढावर. आता तर गाडी तुमचीच म्हणायची." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा कार्ब्युरेटरमध्ये तोंड घातलं. "टोपी कुठाय भानू? आणि बघणारा कुठाय?" त्या म्हणाल्या.

अशी आठ वर्षं गेली. एका रविवारी आपा आल्या त्या हातात पत्र घेऊनच. भाईजानना व्हिसा मिळाला होता. पंधरा दिवसांसाठी, इथल्याच शहरापुरता. महिन्याभराने ते येणार होते. मी आपांना इतकं उतावीळ कधी पाहिलं नव्हतं. चपला काढायच्या विसरून त्या गाडीत एक पाय टाकून बसल्या होत्या. लक्षात आलं तशा लगबगीने उतरल्या, पाय झटकून पुन्हा बसल्या.

अडचण होती त्यांच्या डाव्या गुडघ्याची. वर्षभरात तो पार गेला होता. त्या गाडीचा क्लच म्हणजे जुन्या पद्धतीचा, आत नऊ जाडजूड वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. दाबायला माझ्यासारख्याचाही पाय भरून यायचा. आपा सपाट रस्त्यावर कशीबशी गाडी न्यायच्या, पण चढावर क्लच अर्धा दाबून धरायची वेळ आली की गुडघा लटलटा कापायचा. "भानू, मला त्यांच्यासमोर त्या चढावर निघायचंय," त्या म्हणाल्या. "एकदा. टोपी ठेवून. तेवढं माझ्या पायाला जमेल असं कर. पुढचं पुढं बघू."

मी म्हणालो, "सोडा माझ्यावर."

तेव्हा नव्या जपानी बनावटीच्या छोट्या मालवाहू गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्या क्लचमध्ये वेटोळ्यांच्या जागी एकच पसरट, पाकळ्यापाकळ्यांची स्प्रिंग असायची. पकड तेवढीच, पण पायाला निम्मी हलकी. ती या गाडीला बसवायची असं मी ठरवलं. आता हा क्लच बसतो कशावर, तर फ्लायव्हीलवर. म्हणजे इंजिनच्या मागच्या टोकाला असलेलं पोलादी जड चाक. इंजिन झटक्याझटक्यानं चालतं, ते झटके पोटात घालून एकसारखं फिरत राहायचं हे त्या चाकाचं काम. नव्या क्लचचे बोल्ट वेगळ्या जागी येत होते, म्हणून ते चाक उतरवून त्याला नवी भोकं पाडणं आणि त्याचं तोंड लेथवर साफ करून घेणं भाग होतं. जुन्या प्लेटचा मधला भाग काढून मी नव्या प्लेटवर रिव्हेट मारून बसवला. इथवरचं काम मी आजही कुणालाही छाती काढून दाखवीन.

पुढचं सांगायला मात्र जड जातं. लेथवर ते चाक फिरत होतं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. शर्यतीच्या गाड्यांचं फ्लायव्हील घासून हलकं करतात, मग इंजिन चटकन उसळी घेतं, हे मी एका मासिकात वाचलं होतं. म्हटलं, चाक हातात आहेच, होऊन जाऊ दे. भाईजान कराचीहून येणार, जुने इंजिनिअर, त्यांनी बोनेटवर हात ठेवून विचारावं की हे काम कुणी केलं. आता खोटं कशाला बोलू, मला तेवढं ऐकायचं होतं. चाकाच्या कडेचं चांगलं साडेतीन किलो पोलाद मी उतरवून टाकलं. आपांना विचारलं नाही.

गाडी जोडली आणि आवारात चालू केली, तर पायाचा नुसता स्पर्श झाला तरी इंजिन गुरगुरून वर जायचं. शेजारचा वेल्डिंगवाला काम सोडून बघायला आला. मी फुशारलो होतो. आपा आल्या, पाय पुसून बसल्या, क्लच दाबून बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, हा तर लोण्यासारखा झालाय," त्या म्हणाल्या. मी स्कूटर काढली आणि आम्ही लेण्यांच्या चढावर गेलो.

चढावर त्यांनी गाडी थांबवली. टोपी नव्हती, म्हणून मला स्वतःच्या चपला दिल्या आणि मागच्या चाकामागे ठेवायला सांगितल्या. हातब्रेक न वापरता चढावर निघायचं तर एक युक्ती असते. उजवा पाय ब्रेकवर, डाव्या पायानं क्लच हळूहळू सोडत जायचं. क्लच पकडायला लागला की इंजिनच गाडीला धरून ठेवतं, तेवढ्या क्षणात उजवा पाय ब्रेकवरून उचलून रेसवर न्यायचा. तो क्षण सांभाळायला जड फ्लायव्हील लागतं. आपांनी दम धरला, सोडला. इंजिनानं एक आचका दिला आणि ते बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळेला गाडी मागे आली आणि त्यांच्याच चपलेवर चढली.

आपा उतरल्या नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "भानू, आतून काय काढलंस?"

त्यांच्या पायाला कळलं होतं. मी सगळं सांगितलं. मासिक, लेथ, साडेतीन किलो. ते चाक काय काम करतं हेही सांगितलं.

"म्हणजे तू गाडीचा सब्र कापलास," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "माझ्या गुडघ्यात जोर राहिला नाय. म्हटलं, गाडीत तरी असेल. बाई अडलेली असते भानू, तेव्हा डॉक्टरनं स्वतःची हुशारी दाखवायची नसते." मग मी उचलून दिलेल्या चपला झटकून पिशवीत टाकल्या आणि सपाट रस्त्याने घरी गेल्या. भाईजान यायला बारा दिवस उरले होते.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दुसऱ्या सकाळी गाडी परत आणून मी चाक पुन्हा उतरवलं. उतरवलेलं पोलाद काही परत चिकटत नाही. दुसरं चाक शोधायला हैदराबाद आणि मुंबईच्या भंगारवाल्यांपर्यंत फोन लावले. त्या गाडीचं नाव ऐकून लोक हसायचे. चौथ्या दिवशी मी हात टेकले आणि फुलंब्रीला घरी जाऊन बसलो. आमचं घराणं लोहाराचं. वडिलांनी, म्हणजे आबांनी, हयातभर बैलगाड्यांच्या चाकांना धावा चढवल्या. लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी असते ती धाव. चाकापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुलवायची, चाकावर बसवायची आणि गार करायची. आवळून जी बसते ती चाक मोडलं तरी सुटत नाही. मी लोहारकी सोडून आयटीआयला गेलो याचा आबांना राग होता, आणि मी तो कधी मनावर घेतला नव्हता.

माझं रडगाणं त्यांनी भाकरी खाता खाता ऐकलं आणि विचारलं, "चाक झिजलं तर आपण काय करतो रं?"

"धाव चढवतो," मी म्हणालो. इतका साधा उपाय माझ्या घरात होता आणि मी मुंबईला फोन करत बसलो होतो.

दोन दिवसांत लेथवर पोलादाचं कडं करून घेतलं, माझ्या घासलेल्या चाकापेक्षा केसभर लहान. आबा एसटीनं आले, सोबत पोतंभर गोवऱ्या आणि धोतराच्या सोग्यात मूठभर ज्वारी. गॅरेजच्या मागच्या आवारात त्यांनी गोवऱ्या गोल रचल्या, मधे कडं ठेवलं आणि पेटवून दिलं. कडं किती तापलं हे बघायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. जास्त तापलं तर पोलाद मऊ पडणार, कमी तापलं तर बसणार नाही. आबांनी ज्वारीचा एक दाणा कड्यावर टाकला. दाणा नुसता लालसर झाला. "थांब," ते म्हणाले.

आपा तेवढ्यात आल्या होत्या. मी निरोप धाडला नव्हता, पण गाडी माझ्याकडे उघडी पडलेली असताना त्या रोज एक चक्कर मारायच्या, बघून जायच्या. आबांनी त्यांना स्टूल दिलं. "या डाक्टरीणबाई, दाणं टाका. तुमचा हात हलका," ते म्हणाले. आपा एकेक दाणा टाकत राहिल्या. पाचवा की सहावा दाणा टाकला आणि त्याची पांढरीशुभ्र लाही फुटून बाहेर उडाली.

"आता," आबा म्हणाले.

दोन सांडश्यांनी आम्ही बापलेकांनी कडं उचललं आणि चाकावर आणलं. मागून आपांचा आवाज आला, "दम धर. दम धर. आता सोड." कडं सरकन खाली बसलं. आणि बसल्याबरोबर आबांचा हात सवयीनं पाण्याच्या बादलीकडे गेला, कारण लाकडी चाक असतं तर ते जळू नये म्हणून लगेच पाणी मारावं लागतं. पोलादावर पाणी पडलं असतं तर सगळंच वाकडं झालं असतं. मी लाथ मारून बादली उलटवली. आबा रागावून माझ्याकडे बघायला लागले आणि आपा खो खो हसल्या. चढावरच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या होत्या. म्हणाल्या, "बापानं चढवलं, पोरानं वाचवलं. दोघं मिळून एक मिस्त्री झाला." कडं आपल्या सवडीनं निवलं. मी शिवाय चार स्क्रू मारले, चाक तोलून घेतलं, आणि गाडी जोडली.

भाईजान येण्याच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा त्या चढावर गेलो. आपांनी दहा वेळा गाडी थांबवली आणि दहा वेळा निघाल्या. चपलेला चाक शिवलंही नाही. क्लच लोण्यासारखा, इंजिन शांत, गुडघा जागेवर. दहाव्या वेळेनंतर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले होते, मी ते फडक्यानं पुसले आणि तोंडभर ऑइल करून घेतलं.

भाईजान सत्तरीचे, उंच, आता जरा वाकलेले. डोक्यावर करड्या फरची टोपी. स्टेशनवर दोघं भेटले तेव्हा मी मुद्दाम लांब उभा होतो. रविवारी आपा त्यांना चढावर घेऊन गेल्या आणि मला स्कूटरवर मागून यायला सांगितलं. भाईजान उतरले, चढाकडे बघितलं, आपांकडे बघितलं. टोपी काढली, गुडघ्यावर हात टेकत कसेबसे वाकले आणि ती चाकामागे वीतभर अंतरावर ठेवली. "याद है ना?" त्यांनी विचारलं. आपांनी मान हलवली. त्यांचे ओठ मला दिसत होते. दम धर.

आणि गाडी मागे आली. हळूच आली, टोपीवर चढली, आणि मग अगदी अलगद पुढे निघून वर जाऊन थांबली.

वाटलं, धाव सुटली, आपलं काम फसलं, आणि तेही या दिवशी. भाईजान मात्र मोठ्यानं हसत होते. त्यांनी चपटी झालेली टोपी उचलली, झटकली. आपा उतरून अनवाणीच खाली आल्या. "गेली, भाईजान. अजून नाय जमत मला."

"तो फिर गाडी अभी मेरीच है," भाईजान म्हणाले.

"तुमचीच," आपा म्हणाल्या. "पुढच्या वेळी बघू."

घरी परतताना स्कूटरवर मी तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत होतो. मग ध्यानात आलं. इंजिन अडखळलं नव्हतं. एकही आचका नव्हता. गाडी मागे आली ती क्लच पूर्ण दाबून धरलेला असताना, ब्रेकवरचा पाय उचलल्यामुळे. दुसऱ्या दिवशी आपा गॅरेजवर आल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "तुझं काम उत्तम झालंय. आबांना सांग."

"मग टोपी का घालवली, आपा?"

"टोपी वाचली असती तर गाडी माझी झाली असती. मग ते कशाला येतील परत?" त्या म्हणाल्या. "हे तुझ्यामाझ्यात ठेव."

मी ठेवलं. पण पंधरवड्यानं भाईजानना निरोप द्यायला आम्ही स्टेशनवर गेलो, तेव्हा आपा पाण्याची सुरई भरून आणायला नळाकडे गेल्या आणि भाईजाननी मला जवळ बोलावलं. "मिस्त्री, क्लच बहुत अच्छा बनाया तुमने," ते म्हणाले आणि स्वतःच्या कानाला बोट लावलं. "मैं सब सुना. सकीना को मत बोलना." डोक्यावर तीच चेपलेली टोपी होती. त्यांचं हे बोलणंही मी पोटातच ठेवलं. बहीणभावाच्या गुपितांचं मी एक कपाट होऊन बसलो होतो.

ते पुन्हा आले नाहीत. आपांनी मात्र दर रविवारी गाडी फिरवली. आपा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, त्या चढाच्या दोन्ही बाजूंना घरं झाली. गाडी त्यांनी माझ्या हवाली केली आणि ती माझ्या शेडमध्ये आहे. आबांनी चढवलेली धाव अजून तसूभरही हललेली नाही. जुन्या गाड्यांचे शौकीन येतात, विचारतात, गाडी तुमची का? काय उत्तर द्यायचं ते मला पाठ आहे. पाय धुतल्याशिवाय कुणाला आत बसू देत नाही, त्यामुळे बरेच जण रागावून जातात.

एकच दिवस सांगायचा राहिला. भाईजान येऊन गेल्यावर तीन वर्षांनी कराचीहून पत्र आलं, त्यांच्या मुलाचं. भाईजान गेले. त्या रविवारी आपा येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो, पण त्या नेहमीच्या वेळेला आल्या. स्टुलावर बसल्या, पत्र माझ्या हातात दिलं. ते उर्दूत होतं, मला वाचता येत नव्हतं, तरी मी बराच वेळ ते धरून बसलो. मग मला राहवलं नाही. स्टेशनवर भाईजान काय म्हणाले होते ते मी सांगून टाकलं. क्लचचं, कानाचं, तुम्हाला सांगू नको म्हणाले होते त्याचं.

आपांनी पत्र परत घेऊन त्याची घडी घातली. नळ ठिबकत होता, तो बंद करायलाही मी उठलो नाही.

"म्हणजे," शेवटी त्या म्हणाल्या, "त्यांनाही यायचं होतं."

मी मान हलवली. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आता गाडी कुणाची, आपा?"

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि चपला काढून पिशवीत ठेवल्या. "टोपी गेली होती ना, भानू," त्या म्हणाल्या. "मग त्यांचीच."

त्यांनी गाडी चालू केली, दम धरला, आणि हळूच सोडला.